सातपूरचा काटेरी गोळा

मी एक काटेरी गोळा बोलतोय. जवळ येऊन ऐका, पण फार जवळ नको; अंगाला खिळे आहेत.

माझा जन्म नाशिकच्या सातपूरला, ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या एका शेडमध्ये झाला. तेव्हा मी नुसताच गोळा होतो. लोखंडी, पोकळ, गुळगुळीत. बंगल्याच्या गेटवर टोकाला बसवतात ना, तो. आमच्या जातीचं आयुष्य ठरलेलं असतं. गंगापूर रोडच्या एखाद्या गेटवर बसायचं, सोनेरी रंग लावून घ्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे वरून बघायचं. अधूनमधून कावळा येऊन घाण करतो, तेवढाच काय तो ताप. मीही पोत्यात पडल्या पडल्या तेच स्वप्न बघत होतो. पण नशिबात पाणी होतं.

एके दिवशी शेडमध्ये एक मुलगी आली. "काका, मुठीत मावेल असा गोळा हवाय, बारा नग. काटेरी. आणि पाण्यात टाकला की बुडला पाहिजे."

शेडचे मालक वाल्मीकभाऊ यांनी वेल्डिंगची काच बाजूला ठेवली. "मॅडम, कोणाच्या डोक्यात घालायचाय?"

मुलीचं नाव तेजस्विनी. नाशिकचीच. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली कसं जायचं, ते लोकांना शिकवते. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. कोकणातल्या एका गावाजवळ समुद्रात काळे काटेरी जीव बेसुमार वाढले होते. सी अर्चिन म्हणतात त्यांना. त्यांना खाणारे मासे कमी झाले आणि यांना रान मोकळं मिळालं. खडकावरची सगळी हिरवळ खाऊन त्यांनी खडक बोडके केले होते. माशांच्या पिल्लांना लपायला जागा उरली नव्हती. म्हणून गावकरी आणि अभ्यासक सांगतील तेवढे अर्चिन काढायला तेजस्विनी हौशी माणसं घेऊन जाणार होती, विनामोबदला. आता नाशिकला समुद्र नाही, हे काय सांगायला हवं? तेव्हा सराव तरणतलावात करायचा आणि अर्चिन सातपूरला बनवून घ्यायचे, असा तिचा बेत होता.

वाल्मीकभाऊंनी पोत्यात हात घातला आणि नेमका मी सापडलो. पाणी आत शिरावं म्हणून मला भोक पाडलं, मग एकेक खिळा जोडायला सुरुवात केली. जवळच त्यांची बायको मैनावहिनी एका खिडकीला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईडचा हात लावत बसली होती. ब्रश न थांबवता तिने विचारलं, "मला येता येईल का हो, मॅडम?"

ठिणगी उडाली आणि माझा एक खिळा वाकडा बसला.

"जा की. मी कुठं नाय म्हणतोय?" वाल्मीकभाऊ म्हणाले. तोंड 'जा' म्हणत होतं, हात मात्र खरं बोलून गेला. तो वाकडा खिळा आजही माझ्या अंगावर आहे. बाकीचे अकरा गोळे सरळ निघाले. मला वहिनीने काळा रंग दिला आणि नाव ठेवलं 'वाकड्या'.

वहिनीचं माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षाच्या बागांतलं. तिथे कोणाची बादली विहिरीत पडली की लोक गळ शोधत बसायचे नाहीत, मैनाला हाक मारायचे. ती परकर खोचून उडी घ्यायची आणि बादली घेऊनच वर यायची. रिकाम्या हाताने वर आली, असं एकदाही झालं नाही. मग लग्न झालं, सातपूरला आली, आणि पाणी म्हणजे नळाचं, तेही सकाळचं, एवढंच उरलं. हे सगळं तिने मला रंगवता रंगवता सांगितलं. रंग देताना बायका वस्तूंशी बोलतात, हे तुम्हाला माहीत नसेल. आम्हाला चांगलं माहीत आहे.

घरी सासूबाई गोजराबाईंनी आधी डोक्याला हात लावला. "घरची गंगा सोडून समुद्रात बुडायला चालली? अन् ते मुके जीव कशापायी काढायचे?"

"आई, द्राक्षाच्या घडातले मणी काढतो का नाय आपण? दाटी झाली तर एकही मणी धड पोसत नाय. तसंच हे."

"मग सगळेच काढणार का?"

"सगळे काढले तर घड कुठं राहील?"

गोजराबाईंना ते पटलं. बागेत उमर गेलेल्या बाईला विरळणी समजावून सांगावी लागत नाही. फक्त पाण्याखाली घालायचा तो अंगाबरोबर घट्ट बसणारा काळा पोशाख बघून त्या एवढंच म्हणाल्या, "हे घालून गल्लीतून जाऊ नको म्हंजे झालं."

रविवारी सकाळची गर्दी ओसरली की आमचा सराव चाले. तेजस्विनी आम्हा बाराही जणांना तळाला विखरून टाकायची. बारा फूट पाण्याखालून मी माणसं बघितली आणि एक गोष्ट पक्की कळली. माणूस पाण्याखाली असतो तेव्हाच काय तो गप्प असतो. म्हणून तिथली माणसं मला फार आवडायची. पाठीवर हवा असून सुरुवातीला जो तो श्वास धरून ठेवायचा, गाल फुगवून, डोळे वटारून. स्वतःच्या पाठीवर भरवसा ठेवायला माणसाला वेळ लागतो.

वहिनीला मात्र लागला नाही. पहिल्याच दिवशी ती अशी खाली आली, जशी काही भाजी आणायला निघालीय. चिमट्याने आम्हाला अलगद उचलायची आणि जाळीच्या पिशवीत टाकायची. तेजस्विनी खूश होती. वहिनीची खोड निघाली ती पुढच्या रविवारी. टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा काटा ठरलेल्या खुणेवर आला, वर निघायची वेळ झाली, बाकी सगळे निघाले. पण एक गोळा कोपऱ्यात राहिला होता. मीच तो. वहिनी वळली, मला घेतलं आणि मग उशिरा वर गेली. विजयी मुद्रेने पिशवी काठावर आपटली.

तेजस्विनी हसली नाही. "मैनाताई, काटा खुणेवर आला की वर. हातातलं काम टाकून वर."

"एकच तर राहिला होता. एक राहिला तर रात्री झोप कशी लागंल?"

"घडातले मणी सोडता येतात, असं तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"मणी सोडता येतो हो. बादली नाय सोडता येत."

हे तीन रविवार चाललं. तीनही वेळा मी शेवटचा, तीनही वेळा वहिनी उशिरा. शेवटी तेजस्विनीने स्पष्ट सांगितलं, "येत्या रविवारी परीक्षा. पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. वाईट वाटेल मला, पण नेणार नाही." वहिनीचा चेहरा उतरला. कितीतरी वर्षांनी मिळालेलं पाणी हातचं जाणार होतं.

वाल्मीकभाऊ तेव्हा बाहेर गाडीला किक मारत होते. त्यांनी वहिनीचा चेहरा बघितला, परीक्षा आहे एवढं ऐकलं, आणि बाकीचं स्वतःच्या धंद्यावरून ताडलं. आमच्या सातपुरात बाराची ऑर्डर म्हणजे बारा. अकरा गेट दिली तर कोण पास करतं? म्हणजे या परीक्षेतही बारा गोळे आणले तर पास, अकरा आणले तर नापास. त्यांचा हिशेब असा सरळ होता. त्यांना बायको नापास व्हायला हवी होती.

आमची जाळीची पिशवी आठवडाभर शेडमध्येच असायची. शनिवारी त्यांनी तिच्यातून मला उचललं. "याचा खिळा नीट करतो," असं कुणी न विचारताच म्हणाले. खिळा काही नीट केला नाही. रविवारी मला कापडी पिशवीत गुंडाळून तरणतलावावर नेलं आणि मांडीवर घेऊन कठड्याजवळच्या बाकावर बसले. जाळीच्या पिशवीतले बाकीचे गोळे तेजस्विनीने न मोजता पाण्यात टाकले.

मला पहिल्यांदाच पाणी वरून दिसत होतं, पिशवीच्या उसवलेल्या शिवणीतून. सगळे खाली गेले. थोड्या वेळाने एकेक जण वर आला. वहिनी आली नाही. तिचे बुडबुडे एका कोपऱ्यात दिसले, मग दुसऱ्या कोपऱ्यात, मग परत पहिल्या. ती शोधत होती. मलाच शोधत होती.

वाल्मीकभाऊंच्या हे हळूहळू लक्षात आलं. ती वर येणार नाही. बादली मिळाल्याशिवाय ती कधी वर आलीच नव्हती, आणि बादली त्यांच्या मांडीवर होती. तेजस्विनी वहिनीच्या शेजारीच आहे, तिच्या पाठीवर वेगळी टाकी आहे, हे त्यांना दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाला दिसलेलं कळत नाही. त्यांनी मला असं काही आवळून धरलं की माझे खिळे पिशवीतून, पँटमधून थेट मांडीत गेले. त्यांना त्याचाही पत्ता नव्हता.

एकाएकी ते उठले आणि चपलांसकट काठावरून पळत सुटले. रखवालदाराने शिट्टी मारली. वाल्मीकभाऊंनी मला पिशवीतून काढलं आणि बुडबुडे दिसत होते तिथे फेकलं.

मी वहिनीच्या चष्म्यासमोरूनच खाली गेलो. तिने माझा वाकडा खिळा ओळखला. तिचा हात लगेच पुढे आला, चिमटा माझ्या अंगाला लागलासुद्धा. त्याच वेळी तिने मनगटाजवळ धरलेला काटा बघितला. काटा खुणेवर आला होता.

मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होतो. उचलायला कितीसा वेळ लागला असता? मला वाटलं, घेतलं हिने मला, आणि गेला हिचा समुद्र. एखाद्या लोखंडी गोळ्याला घाम फुटत असेल तर तो तेव्हा मला फुटला होता.

वहिनीने वर बघितलं. हलणाऱ्या पाण्यापलीकडे काठावर एक माणूस वाकून उभा होता, दोन्ही हात डोक्याला लावून. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, निदान मला तरी तसं वाटलं. मग चिमटा मागे घेतला आणि तेजस्विनीला अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'छान' असा नसतो, 'वर चला' असा असतो.

मला मागाहून तेजस्विनीने उचललं आणि कठड्यावर ठेवलं. "पास," ती म्हणाली. "समोर असताना सोडून आलात. मला वाटलं नव्हतं, ताई."

वाल्मीकभाऊंचा गोंधळ उडाला. "एक कमी आणला, तरी पास?"

"कमी आणला म्हणूनच पास, काका."

वहिनी पायऱ्यांवर बसून तोंडावरचं पाणी पुसत होती. "अहो, हा वरून कसा पडला?"

वाल्मीकभाऊंनी खाली बघितलं. मग एकदम सगळं सांगून टाकलं. "मीच लपवला होता. तुला नापास करायला. मला पोहता येत नाय, मैना. तू तिथं समुद्रात खाली गेली तर मी काठावर बसून काय करणार? इथं बारा फुटात माझा जीव गेला."

वहिनी चिडेल असं मला वाटलं होतं. तिने आधी त्यांच्या पँटवरचे लाल ठिपके बघितले. मग हळू आवाजात म्हणाली, "विहिरीत मी खाली असायची ना, तेव्हा काठावर सगळं गाव जमायचं. पण सगळे बादलीची वाट बघायचे. माझी वाट बघायला कुणी नसायचं. म्हणून तर बादली घेतल्याबिगर वर यायची सोय नव्हती."

वाल्मीकभाऊ शेजारी ओल्या पायरीवर बसले, पँट भिजली तरी उठले नाहीत. तेजस्विनी उगाचच आम्हाला मोजू लागली.

वहिनी समुद्रात जाऊन आली. मला नेलं नाही. खऱ्यांच्या गावात खोट्याचं काय काम? मी थोडे दिवस रुसलो होतो, पण माझं रुसणं दिसत नाही, कारण मी तसाही कायम काटे उभारूनच बसलेला असतो. परत आल्यावर वहिनीचं नाक सोललेलं होतं. सगळ्या शेडला ती कौतुकाने सांगत सुटली, "लय राहिले हो खाली. वेळ झाली, आलो सोडून." वाल्मीकभाऊ तिच्याबरोबर होडीत गेले होते. लाइफ जॅकेट घालून बसले आणि जाताना-येताना दोन्ही वेळा ओकले, ही बातमीही तिनेच दिली.

आता माझा काळा रंग सोलवटलाय, भोकाभोवती गंज धरलाय. रखवालदार म्हणतो, फरशीला डाग पडतात, फेका हे. तरी रविवार आला की मी तळाला असतोच. नवी माणसं येतात, गाल फुगवतात, डोळे वटारतात. आणि पलीकडे, चार फूट पाण्यात, लहान पोरांच्या रांगेत एक पन्नाशीचे गृहस्थ कठडा धरून पाय मारत असतात. कठडा अजून सुटलेला नाही, पण एक हात सुटलाय.

जाता जाता तुम्हाला एक विनंती. कधी माझ्यासारखं काही तुमच्या हातून तळाशी राहिलं आणि काटा खुणेवर आला, तर मला सोडा आणि वर या. मला काही होत नाही, मी लोखंडी आहे. पण वर कठड्यावर कुणीतरी तुमचे बुडबुडे बघत बसलेलं असतं, आणि त्याच्या मांडीत खिळे रुतलेले असतात.