श्री. क यांची सुनावणी

शिकवायला लागण्याआधी मी न्डोला शहरात एका तेल-साबणाच्या कारखान्यात कार्मिक अधिकारी होतो. कारखाना पुढे बंद पडला, मी किट्वेला आलो आणि विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या मुलांना मनुष्यबळ हा विषय शिकवायला लागलो. सुरुवातीला पुस्तकं अपुरी होती. जी होती त्यांत उदाहरणं परदेशातल्या मोटारींच्या कारखान्यांची. आमची मुलं ती वाचून पेंगायची. म्हणून मी माझ्याच अनुभवातलं एक प्रकरण दीड पानात लिहून काढलं आणि त्याच्या प्रती वाटल्या.

माणसाचं नाव बदललं होतं: श्री. क. बॉयलरवर एकोणीस वर्षं नोकरी, एकही ठपका नाही. एके दिवशी दुपारी तीन वाजता तेलाच्या पालथ्या डब्यावर बसून झोपलेला सापडला. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी पार तळाला गेलेलं. कंपनीचा नियम चौदावा: बॉयलरवर झोपणाऱ्याला नोटिशीशिवाय बडतर्फ करावं. सुनावणी झाली. ती अकरा मिनिटं चालली. सुनावणी घेणारा अधिकारी मीच होतो, एवढं मात्र मी कागदावर लिहिलं नव्हतं.

सुनावणीत त्याला तीनदा विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?" दोनदा तो गप्प राहिला. तिसऱ्यांदा म्हणाला, "घरी सगळे बरे आहेत." घरचं कोणी विचारलंच नव्हतं. बोललेला शब्द न् शब्द इतिवृत्तात यायला हवा, म्हणून मी तेही लिहून घेतलं होतं, आणि तिथून ते माझ्या दीड पानात आलं.

त्या वाक्यावर दर वर्षी वर्ग हसायचा. मी दोन गट पाडायचो, एक कंपनीचा, एक कामगाराचा. वाद व्हायचा, हात वर करून निकाल लागायचा आणि शेवटी मी विचारायचो, "तो गप्प का राहिला असेल?" मग काय, कल्पनांना ऊत यायचा. रात्री हातभट्टी ढोसली असेल. दुसरी बायको असेल. एकदा एक पोरगा म्हणाला, "सर, दोन बायका असतील तर घरी सगळे बरे असणारच नाहीत. म्हणून खोटं बोलला." मीही हसलो होतो. आठ वर्षं मी हे प्रकरण शिकवलं, आणि माझे सगळ्यात रंगलेले तास तेच असायचे.

न्कांडू चिपाशा तिसऱ्या वर्षाला होती. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. पाठीमागे मुलं कुजबुजायला लागली की ही न वळता म्हणायची, "तुमचं लग्न ठरलं की आम्हालाही सांगा, आत्ता सरांना बोलू द्या." त्या वर्षी गट पाडताना कंपनीची बाजू तिच्याकडे गेली. कागद सोमवारी दिले, वाद गुरुवारी होता.

गुरुवारी ती उभी राहिली आणि तिने जे मांडलं ते मी आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. ती आवाज न चढवता बोलली. बॉयलर फुटला असता तर शेजारच्या तेल भरायच्या विभागातल्या चाळीस बायका गेल्या असत्या, असं म्हणाली. एकोणीस वर्षांची नोकरी ही सबब होत नाही. उलट एवढ्या जुन्या माणसाला धोका सगळ्यात जास्त माहीत असतो. त्याला बोलायची संधी तीनदा दिली, ती त्याने घेतली नाही. नियम सगळ्यांना सारखा नसेल तर तो नियमच नाही. समोरच्या गटातला केल्विन नावाचा मुलगा म्हणाला, "अगं, पण माणूस आहे तो. झोप लागते माणसाला." ती म्हणाली, "त्या चाळीस बायकाही माणसंच होत्या."

बेचाळीस हात कंपनीच्या बाजूने वर गेले, सहा विरुद्ध. मग मी सवयीने माझा प्रश्न विचारला. दारू निघाली, दुसरी बायको निघाली, वर्ग हसला. न्कांडू वही बंद करून खाली बघत बसली होती. एरवी अशा वेळी तीच सगळ्यांना गप्प करायची.

तास संपल्यावर ती माझ्या खोलीत आली. दार लावू का, असं विचारलं आणि लावलं. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"सर, श्री. क म्हणजे एवारिस्टो कासोंडे ना?"

मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही. नावं गुप्त असतात."

"माझे वडील आहेत ते."

आमच्याकडे एका घरातल्या चार भावंडांची चार आडनावं असतात. चिपाशा नावावरून कासोंडे माझ्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्या क्षणी मला तिच्या चेहऱ्यात तो माणूस दिसला. तेच रुंद कपाळ, आणि समोरच्याचं ऐकताना मान जराशी कलती. पांढरा धुतलेला शर्ट घालून तो माझ्यासमोर असाच उभा होता, खुर्ची दिली तरी बसला नव्हता.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी. वसतिगृहात वाचताना. घरी सगळे बरे आहेत, हे वाचलं तेव्हा. आमच्या दाराशी कोणी शेजारी आला की ताता आधी हेच सांगायचे, त्याने काही विचारायच्या आत."

"मग तू माझ्याकडे का आली नाहीस? मी बाजू बदलून दिली असती."

"मला बघायचं होतं, त्या निर्णयात कुठे फट सापडते का. चार दिवस शोधली, सर. नाही सापडली. तुम्ही केलंत ते नियमाने बरोबरच होतं. तुम्हीच केलंत ना? ताता कारखान्यातून घेऊन आले त्या पत्राखाली जेरे असं नाव होतं. ते पत्र मी लहानपणी पाहिलंय. तेव्हा पत्रातलं इंग्रजी कळत नव्हतं, पण खालचं नाव वाचलं होतं आणि सही आठवते. तुम्ही आमच्या गुणपत्रिकेवर तशीच करता."

मी हो म्हणालो.

मग तिने सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिला फेफरं यायला लागलं. रात्री यायचं, कधी दोनदा, कधी चारदा. आई पहाटेच बाजारात टोमॅटो घेऊन बसायची, तिला झोप हवी, म्हणून रात्रभर वडील पोरीला कुशीवर धरून बसायचे आणि दिवसा बॉयलरवर जायचे. असं पाच आठवडे चाललं होतं. वस्ती कारखान्याचीच, शाळाही कारखान्याची. वर्षभरापूर्वी तसाच आजार असलेल्या एका मुलाला शाळेने घरी बसवलं होतं. त्याच्या तोंडाच्या फेसाला हात लागला तर आजार लागतो, असं मोठी माणसंही मानायची. त्याची पाणी प्यायची वाटी वेगळी केली होती आणि मुलं त्याच्यावरून उड्या मारायचा खेळ खेळायची.

"ताता तुमच्यासमोर बोलले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं असतं. दुसऱ्या दिवशी माझी शाळा सुटली असती. आम्ही मग चिफुबू वस्तीत राहायला गेलो. ते पत्र्याच्या शेगड्या बनवून विकायला लागले. मला सांगितलं, कारखान्याने माणसं कमी केली. मी सोमवारपर्यंत तेच धरून चालले होते. इथे अर्ज भरताना फॉर्मवर लिहिलंही होतं की वडिलांची नोकरी कपातीत गेली, म्हणून मला या विषयात रस आहे."

"आणि आता तब्येत?"

"गोळ्या चालू आहेत. सहा वर्षांत एकदाही नाही आलं."

मी म्हटलं, "मी तुझ्या वडिलांना भेटतो. मला त्यांची माफी मागायची आहे."

ती एकदम म्हणाली, "नाही, सर. तुम्ही जायचं नाही."

"का?"

"तुम्ही गेलात तर मला कळलंय हे त्यांना कळेल. त्यांनी एवढी वर्षं जे माझ्यापासून लपवलं तेवढंच त्यांच्या हातात उरलंय. तुमचं मन हलकं करायला ते कशाला काढून घ्यायचं?"

ती रडली नाही. दार उघडून गेली. दुसऱ्या दिवशी तासाला नेहमीच्या जागेवर होती.

त्या प्रकरणाच्या प्रती मी कपाटातून काढून फाडल्या. विभागप्रमुखांनी विचारलं तर सांगितलं, जुनं झालं आता. पुढच्या वर्षी तोच धडा पुस्तकातल्या उदाहरणावरून शिकवला आणि मुलं पेंगली. माझं मलाही शिकवताना अडखळायला व्हायचं. पुस्तकातल्या कामगाराबद्दलही मुलं "दारू प्यायला असेल" म्हणाली की मी पान उलटून पुढच्या मुद्द्यावर जायचो.

दीड वर्षाने पदवीदान समारंभ झाला. मैदानावर मंडप, ढोल, फुगे, आणि आयांचा उलुलू असा आनंदाचा हाकारा. मी झगा घालून सावलीत उभा होतो. गर्दीतून एक म्हातारा सरळ माझ्याकडे आला. कोट मोठ्या मापाचा, कुणाचा तरी मागून आणलेला. हातांवर पत्र्याने कापल्याचे जुने वण. त्याने गुडघे किंचित वाकवून टाळी वाजवली, आमच्या रीतीप्रमाणे, आणि मोठ्याने म्हणाला, "बघा, बघा, न्गोनी लोकही विद्यापीठात पोचले. मग गावाकडे उंदीर कोण पकडतंय?"

तो बेम्बा, मी न्गोनी; आमच्या या दोन जमातींत थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना टोमणा मारायचाच आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. मीही रिवाजाने म्हणालो, "माकडं खाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये." आजूबाजूचे हसले. तोही हसला. मग माझा हात धरून मला मंडपाच्या मागे घेऊन गेला, आणि तिथे त्याचं हसू मावळलं.

"बाजेरे, तुम्ही मला ओळखलंत."

"ओळखलं, बाशिन्कांडू."

'न्कांडूचे वडील' अशी मुलीच्या नावाने आदराची हाक मारल्यावर त्याने मान डोलावली. "तुम्ही तिचे गुरू. चार वर्षं शिकवलंत. तुम्ही तिला काही बोलला नाहीत ना? कारखान्याचं?"

"नाही."

"तिला वाटतं माणसं कमी केली. तिला तसंच वाटू दे. तिला खरं कळलं तर ते स्वतःवर घेईल ती. हट्टी आहे." त्याने माझा हात सोडला नव्हता. "तुमच्यावर माझा राग नाही. पाणी तळाला गेलं होतं, मी नंतर स्वतः पाहिलं. तुम्ही ठेवलं असतंत मला, तरी मीच सोडून गेलो असतो. पण तिला सांगू नका."

मी म्हणालो, "नाही सांगणार."

माझ्या ओठांवर माफीचे शब्द आले होते. ते बोललो असतो तर का, कशाबद्दल, कुणाकडून कळलं, सगळंच आलं असतं. तेवढ्यात न्कांडू काळा झगा सावरत, आम्हाला शोधत आली. आम्हा दोघांना एकत्र बघून ती जागच्या जागी थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी हळूच नकाराची मान हलवली.

"ताता, सरांना त्रास देताय का?" ती म्हणाली.

"न्गोनी माणसाला त्रास नाही द्यायचा तर कुणाला द्यायचा?" म्हातारा म्हणाला.

तिने आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून फोटो काढून घेतला.

तिला सोल्वेझीला एका खाणीच्या ठेकेदाराकडे कार्मिक विभागात नोकरी लागली. अधूनमधून फोन यायचा. सुनावण्या तिच्याकडेच असायच्या. सुनावणीच्या आधी ती म्हणे त्या माणसाच्या घरी एकदा जाऊन यायची, कुणाला न सांगता. नियमात तसं कुठे नाही, म्हणून वरच्यांनी तिला समज दिली, तरी ती जातच राहिली.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, एका सकाळी तिचा फोन आला. वडील न्डोलाच्या हॉस्पिटलात आदल्या दिवशी वारले होते. कफ, मग न्यूमोनिया. मी म्हटलं, मी निघतोच. ती म्हणाली, या, पण आधी एक विचारायचंय.

"परवा दुपारी मी एकटीच जवळ होते. ते म्हणाले, न्कांडू, तो कारखाना, मी तुला सांगितलं होतं ना. मी म्हटलं, ताता, बोलू नका, दम लागतोय, पडून राहा. दम लागतच होता, सर. पण मी त्यासाठी नाही थांबवलं. मला ते ऐकायचं नव्हतं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पाणी मागितलं, आईला हाक मारली, पण तो विषय नाही काढला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, मी त्यांना बोलू द्यायला हवं होतं का?"

चार वर्षं मी तिच्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर दिलं होतं. फोनमधून पाठीमागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती वाट बघत होती.

"माहीत नाही, न्कांडू," मी म्हणालो. "मला खरंच माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "येताना मिठाचं एक पोतं घेऊन या. इथे माणसं खूप जमलीत आणि मीठ संपलंय."