पंक्चर झालं त्या जागची बाजरी

बाबा खुंट्यांची मोळी खांद्यावर टाकून लांबच्या तुकड्याकडे निघाले, तेव्हाच धाकटीने ओळखलं की आता मूग गिळून बसण्यात अर्थ नाही. त्या खुंट्या झाडांच्या खड्ड्यांची आखणी करायला होत्या. एकदा लाकडाची झाडं लागली की तिथे वर्षानुवर्षं नांगर जायचा नाही. आणि तो तुकडा तर बाबांनी तिला कसायला द्यायचं कबूल केलं होतं. ती दादाला हाक मारून घेऊन त्यांच्या मागोमाग निघाली.

घराजवळचा तुकडा दादा कसायचा. माती दोन्हीकडे सारखीच, मूठभर उचलली तर बोटांतून गळून जाणारी वाळू. दोन्हीकडे एक वर्ष भुईमूग, एक वर्ष बाजरी. बी एकाच दुकानातलं, खत एकाच गोणीतलं. तरी दादाची बाजरी डोक्यावर जायची आणि लांबची गुडघ्याशीच पिवळी पडून रुसून बसायची. दादाच्या हाताला गुण आहे असं सगळं घर म्हणायचं. दादाही ते खोटं पाडायला जात नसे. कशाला जाईल?

यंदा धाकटीने लांबच्या तुकड्यात जीव ओतला होता. वाळूत खत टिकत नाही, एका जोराच्या पावसात मुळांच्या खाली उतरतं, म्हणून तिने ते एकदम न फेकता थोडं थोडं तीनदा दिलं. बाळाला औषध पाजतेस का, म्हणून दादाने तिची भरपूर थट्टा केली. बाजरी सुधारली, पण थोडीच. बाबांनी मान हलवली आणि खुंट्या तासायला घेतल्या.

बांधावर पोचल्यावर धाकटीने त्यांना मोळी खाली ठेवायला लावली आणि दोघांना पिकात नेलं. मधोमध एका खोलीएवढ्या जागेत बाजरी गर्द हिरवी, दादाच्या बाजरीला मान खाली घालायला लावेल अशी उभी होती. दादाने नाक मुरडलं. इथे पाणी साचत असेल, म्हणाला.

"वाळूत पाणी साचतं होय रे, दादा? गेल्या वर्षी तुझ्या ट्रॉलीचं चाक कुठे पंक्चर झालं होतं, आठव बरं."

दादाला आठवलं. भुईमुगाचा पाला गोठ्याकडे नेताना चाक बसलं, म्हणून अर्धा पाला त्याने चरफडत इथेच ढकलून दिला होता. परत न्यायचा कंटाळा केला, आणि तो जागच्या जागी कुजून गेला.

मग धाकटीने सगळं उलगडून सांगितलं. भुईमूग जमिनीला कस देतो हे खरं, पण आपण तो मुळासकट उपटून नेतो. पाला जातो गोठ्यात, गोठा दादाच्या तुकड्याला लागून, आणि शेणखत पडतं ते तिथेच. इथून दर वेळी ट्रॉल्या भरून जातात आणि रिकाम्या परत येतात. गोणीतल्या खताने एवढी उणीव कशी भरून निघणार?

"तुझ्या हाताला गुण आहेच, दादा," ती म्हणाली, "पण निम्मा या शेतातून जातो."

दादा ओशाळं हसला. बाबा मात्र गंभीर झाले. पाला इथेच ठेवला तर गुरांनी काय खायचं, त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि धाकटी त्याचीच वाट बघत होती.

"पाला खाऊ देत की, बाबा. फक्त रात्री इथे बांधायची, म्हणजे शेण इथेच पडेल. आत्ता बांधालगत, कापणी झाली की शेतभर. राखण माझी."

बाबा बांधाशी गेले, मोळीतली एक खुंटी काढली आणि कडेच्या मोकळ्या पट्ट्यात दगडाने ठोकायला लागले. इतकं बोलून उपयोग काय झाला, असं धाकटीला वाटून गेलं. खुंटी घट्ट बसल्यावर बाबांनी ती हलवून पाहिली, मग दादाकडे वळले.

"अरे, तांबड्या गाईचं दावं केवढं आहे?"

दादाने दोन्ही हात पसरून दाखवलं. तेवढं अंतर सोडून बाबांनी पुढची खुंटी ठोकली.