खिळे ठोकलेल्या खिडकीचं म्हणणं

मी एक जुनी सागवानी खिडकी आहे, मित्रांनो. गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. आठ वर्षं माझ्या तोंडावर प्लायवूड होतं.

काचीगुड्यात आमचे घरमालक आबासाहेब यांच्या वडिलांनी घर बांधलं, तेव्हा सुताराने मला मागच्या खोलीत बसवलं. दोन झडपा, सहा गज, पितळी कडी. सकाळचं ऊन माझ्यातून आत यायचं, वारा खेळायचा. पाहुणे म्हणायचे, खोली हवेशीर आहे. एवढंच काय ते माझं कौतुक.

पुढे घराचे पोर्शन झाले. इकडे भाड्याने दिलेल्या भागाला पोर्शनच म्हणतात. माझ्या खोलीत गौतम आणि कमल आले, सोबत सहा महिन्यांची सायली. त्याच वर्षी आबासाहेबांनी माझ्या बाहेरून स्वतःसाठी नवा जिना काढला. जिना चढणाऱ्या पाहुण्यांना माझ्यातून भाडेकरूंच्या बाळाची लंगोटं वाळताना दिसतात म्हणे. केवढी मोठी यांची अब्रू, आणि ती गेली कशाने, तर लंगोटांनी! आतून प्लायवूड ठोकलं, वर रंग फासला, झाली भिंत तयार.

त्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती. भिंतींना ओल आली, कोपऱ्यात काळी बुरशी धरली आणि सायलीला दमा लागला. बिचारी तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. आणि तिचे वडील? दर दिवाळीला बुरशीवर नवा रंग लावायचे, शूर पुरुष. कमलने खिडकीचा विषय काढला की म्हणायचे, "गप बस. एवढ्या भाड्यात कोण देतंय इथं जागा? बाहेर काढलं तर कुठं जायचं?"

मृगाला नामपल्लीच्या मैदानावर दम्याचं औषध जिवंत माशाच्या तोंडात घालून गिळायला देतात. आबासाहेब दरवर्षी सायलीला स्वतःच्या गाडीतून तिथे न्यायचे, रांगेत तिच्याबरोबर उभे राहायचे. सगळी गल्ली म्हणायची, घरमालक असावा तर असा. त्या औषधाचं मला काही कळत नाही. पोर ते घेऊन परत याच खोलीत यायची, एवढं मला कळतं. ज्यांनी खिळे ठोकले तेच हात धरून औषधाला नेतात, आणि गल्ली त्यांना नमस्कार करते. किळस यायची मला.

यंदा सुट्टीत सायली पंधरा दिवस गौलीगुड्याला मावशीकडे, इंदुताईंकडे, राहिली. एकदाही धाप लागली नाही. घरी आली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा छाती वाजू लागली. कमल भिंतीकडे बघत बसली. मग उठली, खलातला बत्ता आणला आणि प्लायवूड फोडलं.

आवाज ऐकून आबासाहेब आले. उंबऱ्यावरच थांबले.

"कमलताई, न विचारता असं करायचं काय हो? घर कुणाचं आहे?"

"तुमचंच आहे. आत या, बसा. दार आणि झडपा लावते, दहा मिनिटं बसा, मग बोलू."

आबासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. "नक्को. मला कोंदट सोसत नाही."

"माझी मुलगी आठ वर्षं इथंच झोपते, आबासाहेब."

आबासाहेब उंबऱ्यावरूनच मागे फिरले. गौतम इतका वेळ कोपऱ्यात बसून होते. मग तेही उठले आणि उरलेले खिळे पकडीने उपटू लागले. आठ वर्षं लागली गृहस्थांना.

आबासाहेब अजून माझ्याकडे न बघता जिना चढतात. पोर्शन सोडा असं मात्र म्हणाले नाहीत. कुठल्या तोंडाने म्हणतील? भिंत सुकायला वेळ लागेल, सायली अजून खोकते. पण काल दुपारी ती एकाच उशीवर, उताणी झोपली.

मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या घरमालक होतील. भाडं जरूर घ्या. पण खोली दुसऱ्याला देण्याआधी दार लावून एक दुपार स्वतः तिथे झोपून बघा. झोप लागली, तरच किल्ली द्या.