चार बोटांचं जाळं

"मोजा तात्या. समद्यांच्या म्होरं मोजा."

कुंडलिकनेच विणून दिलेलं जाळं गेनबाने ओलंच त्याच्या अंगणात टाकलं. सुतातून पाणी निथळत होतं आणि त्यात बोटाएवढी खडस माशाची पिल्लं अडकून तडफडत होती. भोईआळीतल्या बायका हातातली कामं टाकून बघायला आल्या.

कुंडलिकने आधी एकेक पिल्लू सोडवून पाण्याच्या घमेल्यात टाकलं. मग डाव्या हाताची चार बोटं जुळवून जाळ्याच्या डोळ्यात घातली. ना सैल, ना घट्ट.

"चार हायेत," तो म्हणाला. दुसरा डोळा बघितला, तिसरा बघितला. "चारच हायेत रं."

"मग ही बारकी कशी घावली? आबाळातनं पडली?"

"तुजी भूक बघून आपनहून आली आसतील," फुलाबाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

गेनबा हसला नाही. "फुलाकाकी, ही चेष्टा न्हवं. एकादशीला कीर्तन झालं की देवळाम्होरं बसू. चार बोटांच्या आत इनलं आसंल, तर तात्यांची इनायची सुई कायमची देवापुढं ठिवायची. नेम समद्यांना एकच."

नेम जुना होता. कुंडलिकच्या बापाच्या वेळी भोरच्या भोयांनी हावेपायी बारीक जाळी टाकली आणि नीरेचा डोह निपटून काढला. पुढे तीन वर्षं डोहात दगड टाकला तरी शेपूट हललं नाही. तेव्हा देवळापुढे बेलभंडार उचलून ठरलं, की चार बोटांपेक्षा बारीक डोळा विणायचा नाही. पिल्लं निसटून जाऊ द्यायची. धरण झालं, पाणी बदललं, नेम बदलला नाही. कुंडलिकच्या घरात तर मापाला पट्टीसुद्धा नव्हती. डाव्या हाताच्या चार बोटांवर सूत घ्यायचं आणि उजव्या हाताने गाठ मारायची. हातच माप. बापाचं तेच, त्याचंही तेच. सुई गेली, तर साठीला आलेल्या माणसाकडे उरणार काय?

एकादशीला तीन दिवस होते. कुंडलिकला अन्न गोड लागेना. उन्हात बसून तो त्याच जाळ्यात पुन्हा पुन्हा बोटं घाली. पुन्हा चारच. घमेल्यातली पिल्लं तर त्याने केव्हाच नदीत नेऊन सोडली होती, पण डोळ्यांसमोरून जाईनात. हात खोटं बोलत नाही आणि मासाही खोटं बोलत नाही, मग मधे पाप कोणाचं?

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या चंद्राबाईकडे गेला. तिच्या नवऱ्याला त्याने अकरा वर्षांमागे जाळं विणून दिलं होतं. नवरा गेला, जाळं खुराड्यावर आलं.

"वैनी, जरा जाळं बघू."

"बगा की भावजी. कोंबड्या मातुर सोडू नका. मागल्या येळी दोन गेल्या."

कुंडलिकने खुराड्यापाशी बसून बोटं घातली. ती डोळ्यात खुळखुळली. आणखी एक बोट सहज मावलं असतं. त्याने दुसरा डोळा बघितला, चौथा, दहावा. गाठ त्याचीच होती, डावीकडे जरा झुकलेली. हजारांत ओळखली असती. सूत जुनं होऊन आखडतं, सैल होत नाही. जाळं होतं तिथंच होतं.

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. पेरांच्या मधे मांस नव्हतंच. कातडं आणि हाड.

"काय झालं वो भावजी? कोंबडीनं टोचलं?"

"न्हाई वैनी. घावलं."

घरी आला तेव्हा त्याची बायको धोंडाबाई तांदूळ निवडत होती. त्याने काही न बोलता पंजा तिच्यापुढे धरला. तिने एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"तुला ठावं व्हतं?"

"दोन पावसाळं हिवतापानं अंथरुनाला खिळला व्हता," ती म्हणाली. "तुमचा कडदोरा म्या दोनदा आखडून बांदलाय. तुमी झोपल्यावं."

"सांगायचं न्हाईस?"

"काय सांगू? बारीक व्हत चाललाय आसं? तुमाला सांगायचं म्हंजी माज्याच त्वांडानं मला आयकावं लागलं आसतं." तिने पदराने डोळे पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "आता आयका माजं. सूत आखडलं म्हना. नवीन गिरनीचं सूत, पान्यानं आखडलं. समदे मानत्याल. सुई ऱ्हाईल. हितनं म्होरं जरा सैल इना."

"किती सैल? कशावं मोजू?"

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. आणि आजारपणानंतर विणलेली आणखी दोन जाळी नदीत होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकादशीला तिसऱ्या प्रहरी कीर्तन उभं राहिलं. कुंडलिक नेहमीसारखा पायरीशी बसला. एरवी बुवांनी अभंग उचलला की त्याची मान आपसूक डोलायची. आज टाळांचा नाद कानावर नुसता आपटत होता. देवाच्या दारात बसून खोट्याची उजळणी करावी लागावी, याहून अवघड प्रसंग माणसावर कोणता येणार! सूत आखडलं. गिरणीचं सूत. सूत आखडलं.

बुवांनी आख्यान लावलं मत्स्यावताराचं. राजा अर्घ्य द्यायला ओंजळ भरतो आणि ओंजळीत इवलासा मासा. "राजा, मला परत टाकू नकोस, मोठे मला खातील." बुवांनी ओंजळ पुढे केली आणि अशी अलगद धरली, की खरंच तिच्यात काही हलतंय असं वाटावं. "अहो, त्रैलोक्याचा धनी! पण यायचं कसं, तर बोटाएवढं होऊन, आणि कुणाच्या तरी हाती जीव देऊन!"

सभेतून विठ्ठलनाम उठलं. कुंडलिकने हात जोडले ते आरतीपर्यंत सोडले नाहीत.

मग सगळे देवळापुढे बसले. गेनबाने जाळं मधे ठेवलं. कोणी बोलायच्या आत कुंडलिक उठला.

"गेनबाचं बरूबर हाय. डोळा बारीक हाय."

"पर तुमी तर चार म्हनला हुता!"

"चारच हायेत. पर ही चार आता तीनाएवडी ऱ्हायल्यात." त्याने पंजा उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा. "आजारपनात मांस गेलं आन् मापबी गेलं. मला कळलं न्हाई. तीन जाळी आशी इनली म्या. तिनी आना. आन् ही सुई."

त्याने सुई देवापुढे ठेवली. गेनबाने सुईकडे बघितलं आणि नजर वळवली.

"सुई ऱ्हाऊ द्या, तात्या," तो शेवटी म्हणाला. "गाठ तुमच्यावानी कुनाची बसती? माप... माप दुसऱ्याचं घ्या."

"मग तुजाच हात दे."

"माजा?"

"चूक तूच पकडलीस न्हवं?"

"घ्या की त्याचा फावड्यावानी पंजा," फुलाबाई म्हणाली, "पर मासं मातुर बैलाएवडंच घावत्याल!"

या वेळी गेनबाही हसला.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकने तिन्ही जाळी अंगणात पसरली आणि स्वतः कोयत्याने उभी चिरली. दोन पावसाळ्यांनंतरचं सगळं बळ ती विणण्यात गेलं होतं. मग गेनबाची चार बोटं कळकाच्या कांबीवर ठेवून दोन्ही बाजूंना खूण केली आणि कांब तासून मापाची पट्टी करायला बसला.

धोंडाबाईने नवं सूत आणून दिलं. त्याने पट्टी डाव्या हातात धरली. सूत पट्टीवर घ्यायचं, तरी ती चार बोटं सवयीने सरळ होऊन पुढे येत. दोनदा आली. तिसऱ्या वेळी त्याने ती हळूच मिटून घेतली, पट्टीभोवती आवळली, आणि पहिली गाठ मारली.