अबोली, मोगरा, अबोली

“शेपट्या जुळंनात, अण्णा,” म्हणत गंगव्वानं वही माझ्यापुढं सरकवली.

महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ती फुलं विकते. मूळची निपाणीची. दुसऱ्या दिवशी तिचा दहावीचा गणिताचा पेपर होता, तिसऱ्यांदा. ०.२७२७… या न संपणाऱ्या दशांशाचा अपूर्णांक करायचा होता. तिनं त्याला क्ष मानलं, दहानं गुणलं आणि क्ष वजा करायला घेतला. पण २.७२७२… खाली ०.२७२७… लिहिल्यावर सातांखाली दोन आले, दोनांखाली सात. काहीच कटेना.

मलाही सुचेना. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. रोज संध्याकाळी तिला शिकवायला बसलो, की शिकवणारा मी कोण, असं वाटायचं.

तेवढ्यात तिचा मुलगा शिवकुमार ऑफिसातून आला. गाडीवरूनच म्हणाला, “अव्वा, बास की आता. ऑफिसात कळलं तर हसतील.”

“हसू देत. दसऱ्याला ऑफिसातल्या आयुधपूजेला माझेच हार नेतोस, तवा कोण हसतं का?”

“उद्या सोडायला येणार नाही मी.”

“सरी, नको येऊस. बस हाय.”

तो माझ्याकडं वळला. “काका, तुम्ही तरी तिला उगाच आशा लावू नका.”

एरवी मी मान खाली घालून वर निघून गेलो असतो. कसं कोण जाणे, म्हणालो, “थांबा जरा. गणित व्हायचंय आमचं.”

तो गाडी वळवून निघून गेला.

गंगव्वा मांडीवरच्या माळेकडं बघत राहिली. अबोली, मोगरा, अबोली, मोगरा. तिनं शेजारी तशीच दुसरी माळ ठेवली आणि एका फुलाएवढी पुढं सरकवली. अबोलीसमोर मोगरा आला. आणखी एका फुलाएवढी सरकवली. अबोलीसमोर अबोली.

“जोडीनं सरकवायला पायजे!”

“म्हणजे दहानं नाही, शंभरनं गुणायचं!” मी ओरडलोच.

२७.२७२७… मधून ०.२७२७… वजा केल्यावर सत्तावीसनंतरची सगळी शेपटी कटली. नव्व्याण्णव क्ष बरोबर सत्तावीस. क्ष म्हणजे तीन छेद अकरा. तिनं उत्तराभोवती चौकट आखली, पुन्हा गिरवली.

सकाळी फाटकाशी तिची जागा रिकामी होती. शिवकुमार घाईघाईनं आला. हातात दुसरं हेल्मेट होतं.

“अव्वा कुठाय?”

“बसनं गेली,” मी म्हणालो. माझा आवाज वॉचमनलाही ऐकू गेला. “परीक्षेला.”