डालड्याच्या डब्यातले महादेवप्पा

माझी आजी रत्नम्मा हिला वाचता येत नव्हतं, पण वर्तमानपत्र तिच्याइतकं बारकाईनं कुणी बघितलं नसेल. शिरूर अनंतपाळला आमचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला लातूरहून रद्दी यायची. आजी दुपारभर मांडी घालून ती फाडत बसायची, आणि एखाद्या फोटोत तिचा नवरा दिसला की कात्रीनं कापून घ्यायची. फक्त नवरा. मथळा नाही, तारीख नाही, शेजारचा माणूस नाही. बाकीचा कागद हळदीच्या पुडीला जायचा.

हा नवरा म्हणजे माझे आजोबा महादेवप्पा. बहात्तरच्या दुष्काळात बैल चाऱ्याच्या छावणीत नेतो म्हणून नांदेडच्या बाजूला गेले आणि परत आले नाहीत. बैल आले. एका गाडीवानानं आणून बांधले, 'अप्पा मागून येतायत' म्हणाला, अर्धा तांब्या पाणी मिळालं ते पिऊन गेला. मग गावानं आपल्या परीनं आजोबांचा शोध लावला. कुणी त्यांना साधू केलं, कुणी देगलूरच्या पलीकडे एका तेलंगी बाईकडे नांदायला पाठवलं. आजीनं कुंकू पुसलं नाही. लोक म्हणत, बाईच्या मनाला पटत नाही. बाईला सगळं दिसत होतं, पण तिला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पंच्याऐंशी साली ती गेली, कपाळावर कुंकू घेऊन.

ती कात्रणं माझ्या हाती आली मागच्या उन्हाळ्यात, शिरूरचं दुकान विकलं तेव्हा. डालड्याच्या डब्यात तीन तुकडे. मी लातुरात कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. दिवसभर लोकांच्या सातबाऱ्याच्या आणि जातीच्या दाखल्याच्या प्रती काढते, त्यामुळे कागदावर माझा विश्वास बेताचा आणि माणसांवर त्याहून बेताचा. तरी डबा उघडला आणि मी तिथेच खाली बसले. आजोबांचा घरात एकच फोटो होता, लग्नातला, फेटा बांधलेला. तेच नाक आणि तेच बाहेर आलेले कान या तुकड्यांत होते, फक्त दर वेळी जास्त म्हातारे.

माझे वडील विरूपाक्ष त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आता माझ्याकडे असतात. देव मानत नाहीत. हे ते नवीन माणसाला ओळख झाल्याबरोबर सांगतात, कुणी विचारो न विचारो. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासून त्यांना जिना बंद केला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी कपाटातून, पेन्शनच्या कागदांखालून, एक चांदीची डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. लिंगाची डबी.

"ही माझ्या वडलांची. त्यांना कुठं माती दिली ते शोध. ही त्यांना पोचवायची हाय."

"तुम्ही तर मानत नाही."

"मी न्हाई मानत. ते मानत होते."

आमच्या लिंगायतांत मूल जन्मलं की त्याला स्वतःचं लिंग मिळतं. चांदीच्या डबीत घालून, दोऱ्यात ओवून ते गळ्यात येतं. रोज अंघोळीनंतर तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मग जेवायचं. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि ते लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. घरात मागे ठेवायला तो काही चष्मा किंवा काठी नाही. म्हणजे आजोबा जिथे कुठे मातीत गेले तिथे रिकाम्या हातानं गेले, आणि ते आपल्यामुळे, असं अण्णा पन्नासहून जास्त वर्षं मनात धरून बसले होते.

कारण असं. बहात्तर साली अण्णा नांदेडला कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले. विहिरी आटलेल्या, गाव रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन खडी फोडतंय, आणि त्यांचे वडील सकाळी उठून तांब्यातल्या पाण्यानं लिंगाला अंघोळ घालतायत. अण्णांनी भर दुकानात गळ्यातली डबी काढली आणि खुंटीला अडकवली. याच्यात ताकद असेल तर पाऊस पाडून दाखवा, असं म्हणाले.  महादेवप्पा गिऱ्हाइकाला मीठ देत होते, ते देऊन झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे बैल घेऊन निघून गेले. खुंटी रिकामी होती, आणि देव्हाऱ्यात त्यांची स्वतःची डबी ठेवलेली होती.

"माझी त्यांनी रागानं विहिरीत फेकली," अण्णा म्हणाले, "आणि स्वतःची बी काढून ठेवली. माझ्यावरचा राग देवावर काढला."

"विहिरीत फेकली हे कशावरून?"

"दुसरीकडं कुठं फेकणार? मी उतरून बघितलं. पाणी नव्हतंच."

"सापडली?"

"न्हाई."

देव न मानणारा माणूस डबी शोधायला कोरड्या विहिरीत उतरतो आणि वडलांना शोधायला छावणीपर्यंत जात नाही. हे मी तोंडावर बोलून दाखवलं.

"परीक्षा होती," अण्णा म्हणाले.

मग मी कात्रणांच्या मागे लागले. दुकानातल्या मशीनवर तिन्ही मोठी करून घेतली. पहिल्यात आजोबा खडीच्या ढिगाजवळ बसलेत, हातात हातोडा. ते दुष्काळातलंच. दुसऱ्यात गर्दीत उभे आहेत, मागे कमानीचा तुकडा आणि त्यावर 'तूर जिल्हा' एवढंच. आमच्याकडे तूर भरपूर पिकते, पण तिचा जिल्हा अजून झालेला नाही. म्हणजे हे लातूर, ब्याऐंशी साल, नवा जिल्हा झाल्याचा सोहळा. जिल्हा बघायला माणूस लातूरपर्यंत आला आणि तिथून शिरूरला, स्वतःच्या बायकोकडे आला नाही. इथे मला पहिल्यांदा आजोबांचा राग आला. तोपर्यंत मी त्यांच्या बाजूची होते.

तिसऱ्यात ते केळीच्या मोठ्या घडाशेजारी उभे होते. गळ्याशी काहीतरी लटकत होतं. मोठं केलं तर त्याचा नुसता काळा ठिपका झाला. मी म्हणाले राखणदाराची शिट्टी असेल, अण्णा म्हणाले बटण. आणि घडाला धरलेला, बांगड्या भरलेला एक हात होता. हाताच्या मागची बाई आजीनं कापून टाकली होती. अण्णांनी तो हात चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"तेलंगी वाटत न्हाई," म्हणाले.

कात्रणाच्या मागच्या बाजूला एका खताच्या दुकानाची जाहिरात होती, पत्त्यासकट. अर्धापूर, जिल्हा नांदेड.

अर्धापूर नांदेडच्या उशाला आहे. अण्णांची सगळी नोकरी नांदेडात गेली. माझा जन्म तिथला, शाळा तिथली, अण्णांचीच. आमच्या घरी शिकरणाला यायची ती केळी अर्धापूरची.  लातूरहून जाताना गाडीत अण्णांनी डबी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती.

खताचं दुकान अजून होतं. मालक हणमंतराव यांनी झेरॉक्स बघितली आणि म्हणाले, "हे तर केवळाबाईच्या मळ्यातले राखणदार, शिरूरकर अप्पा." मग आम्हाला वाट सापडणार नाही असं स्वतःच ठरवून ते आमच्या गाडीत बसले.

केवळाबाई मळ्यात, बाजेवर बसलेल्या होत्या. अण्णांच्याच वयाच्या. फोटो डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी बराच वेळ बघितला.

"हा माझा हात हाय," म्हणाल्या. "माझे मालक बी हुते ह्याच्यात, घडाच्या पल्याड. त्यांना कुणी कापलं?"

"माझ्या आजीनं," मी म्हणाले.

"आसू दे. त्यांचा फोटो चांगला न्हवता आला."

अण्णांनी रुमाल सोडला आणि हेडमास्तरापुढे रजेचा अर्ज धरावा तशी डबी त्यांच्यापुढे धरली. "मी त्यांचा मुलगा. त्यांची समाधी दाखवा. हे त्यांच्या हातात ठेवायचं राहिलंय."

"ऱ्हाईलं कुठं?" केवळाबाई म्हणाल्या. "मालकांनी नांदेडहून तुमचे जंगम आणले हुते. रीतीपरमानं बसवून माती दिली. हातावर लिंग ठिवलं. मी समोर हुते की."

"कुणाचं लिंग?"

केवळाबाई उठल्या, घरात गेल्या आणि मूठ मिटून परत आल्या. मुठीत चांदीची डबी होती, रिकामी. लहान, लेकराच्या गळ्यात घालतात तेवढी. काठावर बारीक खड्डे पडलेले.

"ह्याच्यातलं. लिंग माझ्यासंगं जाऊ द्या, डबी पोराची हाय, आला तर द्या म्हणले. दात येताना पोरानं चावली हुती म्हणायचे."

अण्णांनी डबी घेतली. अंगठा त्या खड्ड्यांवरून फिरवला. 

"रोज नेमानं पूजा करायचे त्याची," केवळाबाई सांगू लागल्या. "मी इचारलं, अप्पा, पोराचं घेऊन बसलाव, तुमचं कुठं हाय? म्हणले, त्यानं त्याचं खुंटीला टांगलं, पर लिंगाला बिनपूजेचं ठिवता येत न्हाई. त्याचं मी संभाळतो. माझं त्याच्यासाठी ठिवून आलो, ते तो संभाळंल. मागायला आला की अदलाबदल करू."

"मी संभाळलं," अण्णा म्हणाले. आणि मग, "कपाटात होतं."

"मग ते स्वतः का आले नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "आम्हाला कळवलं का नाही कुणी?"

"शप्पथ घातली हुती, बाई. पोरानं आपल्या पायानं यावं म्हणले. आन ते निघायचे की. जिल्हा झाला तवा लातूरला गेले, शिरूरच्या एसटीत बसले बी. कंडक्टर तिकीट म्हणला तवा उतरले. नांदेडला तर केळीच्या गाडीसंगं निहमी जायचे. शाळंच्या समोर, रस्त्याच्या पल्याड उभे ऱ्हायचे. मास्तर शिकवतो ते भाईर ऐकू येतं म्हणायचे." मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "नातीला बी बघितलं हुतं त्यांनी. फाटकावर बोरंवालीसंगं भांडताना. लई तोंडाळ हाय, माझ्यावर न्हाई गेली, असं म्हणत हसायचे."

ती बोरंवाली मला आठवते. तिनं किडकी बोरं दिली होती. रस्त्यापलीकडे कुणी उभं होतं का, ते किती आठवलं तरी आठवत नाही. मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उठून केळीत शिरले आणि तोंड धुवायला पाणी शोधत बसले.

परत आले तेव्हा अण्णा मळ्याच्या कोपऱ्यात, आजोबांच्या समाधीच्या दगडी ओट्याजवळ बसलेले होते. त्यांनी द्यायला आणलेलं घ्यायला तिथे हात मोकळा नव्हता. अण्णांनी केवळाबाईंना एखादी दोरी मागितली. त्यांनी केळीच्या खोडाचं सोपट ओढून काढलं, मांडीवर वळलं आणि दिलं. अण्णांनी त्यात वडलांची डबी ओवली, गळ्यात घातली, शर्टाच्या आत सोडली आणि वरचं बटण लावलं. चावलेली डबी खिशात ठेवली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण मानत नाही हे त्यांनी मला पुन्हा समजावून सांगितलं असतं.

नांदेडात शिरल्यावर त्यांनी गाडी शाळेकडे घ्यायला लावली. रविवार होता. फाटकावरचा वॉचमन अण्णांचा विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्यानं आधी पाया पडून मग कुलूप काढलं. अण्णा आत आले नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडच्या बंद टपरीपाशी जाऊन उभे राहिले.

"तू माझ्या वर्गात जा," तिथून म्हणाले. "खिडकीजवळ उभी ऱ्हाऊन बोल."

"काय बोलू?"

"काहीबी. प्रकाशाचं परावर्तन घे."

मला प्रकाशाचं परावर्तन येत नाही. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. समोर अण्णा दिसत होते, हात मागे बांधलेले, तेच बाहेर आलेले कान. मध्ये एवढासा रस्ता. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल. दुकानात गर्दी झाली की जो आवाज काढते तो मी काढला.

"एवढ्या जवळ येऊन रस्ता ओलांडायला काय झालं होतं?" मी म्हणाले. "एकानं यायचं होतं, एकानं मागायचं होतं. दोघांनाही जमलं नाही. आजी तिकडं पुड्या बांधता बांधता तुम्हाला कापून ठेवत बसली, आणि तुम्ही इथं उन्हात उभे. मी इथंच होते. या फाटकातच होते. मला हाक मारली असती तर मी आले असते."

वॉचमन वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला काही नाही म्हणून सांगितलं आणि बाहेर आले. रस्ता ओलांडून अण्णांजवळ गेले. ते तसेच उभे होते, एक हात शर्टाच्या वरच्या बटणावर.

"आलं ऐकू?"

"आलं."

"सगळं?"

"सगळं."

गाडी शाळेच्या बाजूला होती. अण्णांनी दोन्हीकडे बघितलं, माझा हात धरला आणि रस्ता ओलांडला.