तासाभराची परीक्षा

दारूबंदीच्या कायद्याला सात वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात शहरातल्या रंगाच्या कारखान्यांना लागणारे स्पिरिट चौपट झाले होते. भिंतींचे पोपडे मात्र होते तिथेच होते. ही विसंगती सरकारच्या नजरेतून सुटली असे कोणी समजू नये. ती सरकारला नेमकी ठाऊक होती, आणि तिच्यावर सरकारला सुचलेला उपाय असा की त्या स्पिरिटमध्ये विष मिसळावे. जो पिईल तो मरेल. जो मेला तो कायदा मोडून मेला. मग तक्रार करायला उरले कोण?

हे विष काढून टाकणे हा मास्तरांचा उद्योग होता. एके काळी ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. कॉलेजचे अनुदान दारूबंदी खात्याकडे वळले, मास्तरांची नोकरी गेली, आणि तिसऱ्याच दिवशी दादाने त्यांना आणायला गाडी पाठवली. दादा म्हणजे रंगाच्या कारखान्याचा मालक नव्हे. मालकाचे नाव दारावरच्या पाटीवर होते. दादाचे कशावरच नव्हते.

दादाच्या धंद्यात एक नियम होता. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये स्पिरिट उकळून, गाळून, पाणी घालून माल तयार झाला की त्यातला पहिला पेला चाखणाऱ्या माणसाने प्यायचा. घड्याळ लावून तासभर बसायचे. तास भरला की सगळ्यांदेखत सुईत दोरा ओवायचा. दोरा आत गेला की माल बाहेर. हा नियम दादाच्या काकाने घालून दिला होता. काकाच्या काळी दारू वाईट निघाली तर माणूस बसल्या जागी ओकत असे, तेव्हा तासभर पुरेसा होता. विषे सुधारली, नियम तसाच राहिला.

चाखणाऱ्याला सगळे चाख्या म्हणत. तो मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला, दोन ठिकाणांहून काढलेला. ही नोकरी त्याला मास्तरांनीच लावून दिली होती, आणि या विषयाचा उच्चार त्यांच्या घरात कोणी करीत नसे. मास्तरांनी तेवढ्यापुरती एक खबरदारी ठेवली होती. पेला भरण्याआधी ते स्वतः मालाची परीक्षा घेत, मगच चाख्याला खूण करीत.

त्या दिवशी पिंपे उशिरा आली. गोदीतल्या कामगारांच्या नाचघरात चारशे माणसांचा समारंभ होता, ट्रक पाच वाजता निघायचा होता आणि दादाला घाई होती. मास्तर गळकी नळी बांधायला मागे गेले तेवढ्यात दादाने चाख्याला पेला भरून दिला आणि घड्याळ लावले.

नळीने पाऊण तास खाल्ला. परत येऊन मास्तरांनी तांब्याची तार दिव्यावर लाल केली आणि नमुन्यात बुडवली. एरवी जास्त पिकलेल्या सफरचंदासारखा वास येई. आज नाकात सुई घुसावी तसे झाले आणि डोळ्यांतून पाणी आले. हा वास त्यांनी कॉलेजच्या संग्रहालयात वीस वर्षे घेतला होता. बरण्यांतली बेडके याच वासात तरंगत. याचा अर्थ मालात लाकडाचे स्पिरिट, म्हणजे सरकारने मिसळलेले विष, शिल्लक होते, आणि थोडेथोडके नव्हते. सरकारने गाजावाजा न करता मात्रा वाढवली होती, आणि त्यांच्या जुन्या पद्धतीने ते पुरते निघाले नव्हते.

घड्याळात पावणेचार झाले होते. चाख्या स्टुलावर पाय हलवत बसला होता.

"भावोजी, असा चेहरा का? माल फक्कड जमलाय. घशाला जरा झोंबतो, पण ताईच्या बोलण्याइतका नाही."

शेडमधली माणसे हसली.

"किती प्यालास?"

"नियमाचा एक पेला. आणि नियमाची तब्येत बरी राहावी म्हणून वर अर्धा."

मास्तर दादाकडे वळले. "दादा, माल ओतून टाका. विष आहे."

दादाने घड्याळाकडे बोट दाखवले. "दहा मिनिटं राहिलीत. नियम आहे."

ती दहा मिनिटे मास्तरांनी उभ्याने काढली. मग चाख्याने सुई उजेडात धरली, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि पहिल्याच झटक्यात ओवले. कोणीतरी टाळी वाजवली.

"आता बोला," दादा म्हणाला. "तुमची तार खरी, का हा जिवंत माणूस खरा?"

"हे विष तासात कळत नाही. बारा तास लागतात, कधी अठरा. उद्या सकाळी डोळे जातील. मग माणूस."

"उद्या सकाळी ना? मग उद्या बघू."

"दादा, चारशे माणसं आहेत!"

"विष मी घातलं का? सरकारनं घातलं. छापून, सही-शिक्का मारून घातलं. मी आपला वाहतूकदार. आणि मी कुणाच्या नरड्यात ओतायला जात नाही. पिणारा आपल्या हातानं पितो."

राजपत्रातला युक्तिवाद शब्दशः हाच होता. फक्त तिथे व्याकरण बरे होते. मास्तरांना राग आला तो इतका थंड होता की त्यांचा आवाज चढण्याऐवजी खाली आला.

"कपाटातल्या दोन बाटल्या मला द्या."

त्या सीलबंद परदेशी बाटल्या दारूबंदी खात्याच्या साहेबांसाठी ठेवल्या होत्या. साहेबांना कारखान्यातला माल चालत नसे. कायद्याची इतकी बारीक माहिती असणारा माणूस तो पिणार कसा?

"कशाला?"

"या विषाला उतारा खरी दारू. शरीर आधी तिच्यामागे लागतं, तोवर विष न बाधता बाहेर पडतं. त्याला लगेच द्यायला हवी."

दादाने किल्ली काढली, पण हातातच ठेवली. "मेहुणा तुमचा. घेऊन टाका. साहेबांना सांगीन, फुटल्या. पण मग मेहुणा तुमचा आणि नाचघर माझं. तोंडातून शब्द निघायचा नाही. कबूल?"

मास्तरांनी चाख्याकडे पाहिले. तो सुई कॉलरला टोचून कोणाला तरी डोळा मारीत होता.

"कबूल," मास्तर म्हणाले.

त्यांनी बाटल्या चाख्याच्या कोटाखाली स्वतः खोचल्या. "सरळ घरी जा. दर अर्ध्या तासाला दोन घोट, रात्रभर. झोप लागली तर ताई उठवून पाजेल."

"ताई? आणि दारू पाजणार? भावोजी, त्यापेक्षा विष परवडलं." मग त्याने मास्तरांच्या तोंडाकडे नीट पाहिले आणि कोटाची बटणे लावली. तो ट्रामच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत मास्तर खिडकीतून हलले नाहीत.

साडेचारला डबे भरायला सुरुवात व्हायची होती. माणसे डबे आणायला अंगणात गेली तेव्हा मास्तरांनी शेडचे दार लावून आतून अडसर घातला. शेगड्यांसाठी रॉकेलचे दोन डबे भिंतीशी होते. त्यांनी पहिला उचलला आणि तयार मालाच्या पहिल्या टाकीत ओतला.

दिलेला शब्द त्यांनी मोडला, यात शंका नाही. दुसऱ्या टाकीत ओतताना त्यांच्या मनात शब्दाचा नव्हे, सरकारी रसायनतज्ज्ञांचा विचार होता. त्या तज्ज्ञांतले दोघे मास्तरांचेच विद्यार्थी. पिंपात थोडे रॉकेल टाकले की कोणाला घोट गिळवत नाही, आणि मरत कोणी नाही, हे त्या दोघांना पहिल्या वर्षापासून माहीत होते. पण वास येणारी वस्तू माणसाला थांबवते, आणि थांबवणे कोणाला हवे होते? शिक्षा हवी होती. शिक्षेला वास असून चालत नाही.

दारावर थाप पडली. "मास्तर, उघडा."

तिसरी टाकी. डबा जड होता, रॉकेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. दाराची फळी आत वाकली. मास्तरांनी डबा शेवटच्या थेंबापर्यंत उपडा धरला, मग जाऊन स्वतःच अडसर काढला.

दादाने नाक आक्रसले. तिन्ही टाक्यांवर वाकून पाहिले. नाचघरात द्यायला आता त्याच्याकडे काही नव्हते, आणि पुढच्या आठवड्याचा माल काढायला या माणसाशिवाय कोणी नव्हते. ही दोन्ही गणिते त्याने उभ्याउभ्या केली.

"कामाचा हात कुठला?"

"उजवा."

"मग डावा ठेवा टेबलावर."

अंधार पडल्यावर मास्तर घरी पोचले. बायकोने हाताकडे पाहिले, तो दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून फडक्याने आवळून बांधला आणि पुन्हा भावाच्या उशाशी गेली. रात्रभर ती दर अर्ध्या तासाला त्याची मान उचलून पाजत होती, तो बरळत होता, शिव्या देत होता. जन्मात ज्या वस्तूला तिने घरात येऊ दिले नव्हते तिचा चमचा ती औषधासारखा मोजून भरीत होती. पहाटे त्याचा श्वास घाईघाईने चालू लागला. मास्तरांनी नाडी धरली आणि सोडली नाही.

उजाडले. तिने पडदा सरकवला. चाख्याने डोळे किलकिले केले, छताकडे पाहिले, पुन्हा मिटले. दोघांपैकी कोणीही त्याला विचारायला धजावेना.

मग त्याने मान वळवली.

"भावोजी, हाताला काय झालं तुमच्या?"

मास्तर त्याच्या डोळ्यांवर वाकले. "कुठल्या हाताला?"

"अहो, डाव्या. ते निळं फडकं बांधलंय ना... ताई, रडतेस काय? ताई?"